कुठं आवळतं?

शकील : लिहा, न्हाई.

निता : मास्टर, प्रश्न तरी विचारू द्या मला.

शकील : तुमी काय बी विचारा, निताताई, उत्तर तेच ऱ्हाणार. वरून खालपर्यंत न्हाई, न्हाई, न्हाई टाकून द्या. तुमचा टाइम वाचला, अन् आमाला वारंग्याची एसटी गावली.

निता : एसटी नाही मिळाली तर कळमनुरीपर्यंत जीप आहेत, मीच बसवून देते तुम्हाला, तिथून पुढे फाट्यापर्यंत दुसरी मिळेल. डॉक्टर मॅडमनी मला बजावलंय, शकील मास्टरांना घाईत सोडू नकोस, तो माणूस गोड बोलून सगळ्यांना गुंडाळतो.

हाजराबी : खरं बोलल्या मॅडम. तीस साल झाले, मला गुंडाळून राहिले.

निता : तुम्ही हाजराबी चाची ना? आजवर फोनवरच बोलणं झालं आपलं. बरं झालं आलात.

हाजराबी : मी कशाची येते, बेटा! यायनं घरी सांगितलं, गुरुवारी हिंगोलीला डॉक्टर मॅडमकडं ट्रायल हाय. मी समजले, मॅडम कोट शिवून घेऊन राहिल्या. म्हणलं चला, ज्या बाईसाठी मी रोज पाच वेळा दुवा मागते, तिचं तोंड तरी पाहू. इथं आल्यावर कळालं, ट्रायल कोटाची न्हाई, या माणसाचीच हाय.

शकील : माझी काय गलती? ह्या ताईचा फोन आला, "मास्टर, गुरुवारी ट्रायलसाठी या." शिंप्याला ट्रायल म्हणल्यावर दुसरं काय सुचंल? टेप घेतला, खडू घेतला, टाचण्या घेतल्या. मॅडमचा पांढरा कोट खांद्यात ढिला पडते, ते मी पहिल्याच दिवशी पाहून ठेवलं व्हतं. म्हणलं, सांगायला लाजत असतील, आता बोलावलं.

निता : अगं बाई! तरीच गळ्यात टेप. मला वाटलं, दुकानातून उठून तसेच आलात.

शकील : हासा, हासा. खडू अजून खिशात हाय.

निता : चूक माझीच. कागदावर 'अभ्यास' लिहिलंय आणि आम्हा सगळ्यांच्या तोंडात ट्रायल बसलंय. पुन्हा सांगते, कारण मघाशी तुम्ही ऐकायच्या आधीच सही ठोकलीत. इथं नवीन औषध कुणी देणार नाही. सोरायसिसचं जे इंजेक्शन तुम्हाला दर महिन्याला चाललंय, त्याचीच आम्ही नोंद ठेवणार. पाच वर्षं, दर सहा महिन्यांनी विचारणार, काय बरं झालं, काय बिघडलं. चट्टे जातात हे तर सगळ्यांना दिसतंय. पण वर्षानुवर्षं घेतल्यावर अंगात काय होतं, ते माणसांना विचारूनच कळेल. नाव कुठं जाणार नाही, नंबर जाईल. आणि नको वाटलं तर आजही उठून जाऊ शकता, त्यानं तुमचा इलाज अडणार नाही.

शकील : मंग ही बराबर ट्रायलच हाय की! माझ्यावानीच.

निता : ती कशी?

शकील : कोटाची कच्ची शिलाई झाली की गिऱ्हाईकाच्या अंगात घालतो. नुसता उभा ऱ्हायला तर कोणता बी कोट चांगलाच दिसते. म्हणून म्हंतो, हात वर करा, खाली बसा, बटन लावून जेवायला बसल्यावानी वाका. अन् इचारतो, कुठं आवळतं? जिथं आवळतं, तिथं खडूची खूण. मंग उसवायचं अन् पक्कं शिवायचं.

निता : सांगतात लोक खरं?

शकील : कुठं सांगतेत! चांगल्या घरचं माणूस लाजते. आमच्या फाट्यावर कुलदीपचा ढाबा हाय. त्याच्या लग्नाचा कोट मी शिवला. इचारलं, कुठं आवळतं? "कुठंच न्हाई मास्टर, एकदम झकास." मास्टरनं एवढी मेहनत केली, नाव काहून ठेवा! अन् मांडवात हार घालायला हात वर केले तर बगलेतून फर्रकन. सगळ्या फोटोत हात अंगाला चिकटवून उभा हाय, पोलीस भरतीला आल्यावानी. लोकं हासले कुणाला? मला. म्हणलं, बाबा, तू माझी इज्जत राखाया गेला अन् माझ्याच चिंध्या केल्या.

हाजराबी : ते कुलदीपला रागवायचं अन् सोता...

शकील : तू चूप बस ना जरा. हां ताई, इचारा.

निता : सातवा प्रश्न. गेल्या सहा महिन्यांत सर्दी, खोकला, ताप, असं काही बराच काळ चाललं?

शकील : न्हाई.

हाजराबी : या अल्ला.

शकील : न्हाई म्हणलं ना.

निता : वजन कमी झालं?

शकील : न्हाई.

निता : भूक?

शकील : वाघावानी.

निता : मास्टर, एवढं धडधाकट तर मीसुद्धा नाही. काहीच नाही? सुई टोचतात तिथं सूज, कधी डोकं दुखलं, काहीही?

शकील : ताई, कागद जरा बाजूला ठेवा अन् माझा हात पहा. हा तळवा पहा. मागच्या साली तुमी पाहिला तवा कसा व्हता?

निता : फाटलेला. पेन धरून सही करताना रक्त आलं होतं. आठवतंय मला.

शकील : रक्ताचं काही न्हाई, ते दिसते, पुसता येते. पण कोंडा! कोपराचा, डोक्याचा, हाताचा, हललं की पडायचा. शिंप्याच्या हाताखाली कापड असते, ताई. पांढऱ्या कापडावर खपून जायचं. काळ्यावर पीठ सांडल्यावानी. एकदा एका पाहुण्यानं काळी शेरवानी झटकली, वर माझ्या तोंडाकडं पाहिलं, अन् कापड उचलून निघून गेला. त्या दिवसापासून मी सांगायला लागलो, काळ्या कापडावर माझी नजर चालत न्हाई. सहा साल काळं कापड घेतलं न्हाई मी. नजर एकदम साफ व्हती माझी.

हाजराबी : ईदचं सांगा ना.

शकील : ईदची नमाज झाली की लोकं गळ्याला मिळतेत. मी नमाजचा शेवटचा सलाम फिरला की चप्पल हातात घेऊन मागच्या दारानं घरी. कुणाला वंगाळ वाटायच्या आधी आपणच निघावं. लागट न्हाई हो ही बीमारी, मॅडमनी लोकायला बी समजावून सांगितलं. पण डोळ्याला कोण समजावणार? अन् या ईदला, ताई, मी उभा ऱ्हायलो. पहिला माणूस आला, गळ्याला मिळाला. मंग दुसरा. मी मोजले न्हाई. रडू आलं तर मोजता कसं येईल? घरी उशिरा पोचलो तर ही म्हंते, शिरखुर्मा थंडा झाला, कुठं मरून पडले व्हते.

हाजराबी : मला काय माहीत! दरसाली सगळ्यात आधी येणारा माणूस.

शकील : मॅडमनी कुठं कुठं कागदं भरली, कुणाकुणाला फोन केले, तवा हे इंजेक्शन चालू झालं. मला हा हात परत दिला त्यायनं. अन् त्यायच्याच कागदावर मी तक्रारी लिहू? खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं.

हाजराबी : जागा की मिठाला! पण मीठ जास्त झालं तर सांगायचं न्हाई काय? निता बेटा, तीस साल झाले, सालनात मूठभर मीठ पडलं तरी हा माणूस "बढिया" म्हणून जेवते. मला नंतर हुमेराच्या तोंडावरून कळते. ती पोरगी सांगते, अम्मी, आज समुंदर झाला. यायचं आपलं बढिया.

शकील : बनवणाऱ्याचं मन... मन मोडू न्हाई. थांबा, मी जरा पाणी पिऊन येतो.

(शकील घाईनं बाहेर जातो आणि मागे दार ओढून घेतो.)

निता : चाची, पाण्याचा माठ तर इथंच आहे. या कोपऱ्यात.

हाजराबी : हाय ना. अन् माझ्या पिशवीत बाटली बी हाय. मघाशी बी पाणी प्यायलाच गेले व्हते.

निता : काय चाललंय?

हाजराबी : मला कसम घातली, बेटा. हुमेराच्या डोक्यावर हात ठेवाया लावला अन् कसम घातली, त्या गोष्टीचं हिंगोलीत एक अक्षर बोलायचं न्हाई.

निता : कोणत्या गोष्टीचं?

हाजराबी : तेच तर बोलायचं न्हाई. पण पँटीची कसम घातली न्हाई यायनं.

निता : पँटीची?

हाजराबी : दोन महिन्यात दोन खेपा सोताच्या पँटीची कंबर आत घेतली. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून. मी पाहिलं. अन् बनियनची बी कसम न्हाई. सकाळी उठले की यायचं बनियन मी पिळून वाळू घालते, पाण्यातून काढल्यावानी. पंखा चालू असते बरं का. अन् मशिनीच्या खणात बॉबिनच्या मागं औषधाची लाल बाटली हाय, तिची बी कसम न्हाई. कशाची बाटली, ते मी सांगणार न्हाई.

निता : नका सांगू. समजलं मला. किती दिवस?

हाजराबी : ईदच्या नंतर लागलीच सुरू झालं. दोन महिने तरी झाले असतील. बेटा, मी काही गुन्हा न्हाई ना केला? लेकराच्या डोक्यावरची कसम हाय.

निता : तुम्ही तर एक शब्दही बोलला नाहीत. आले बघा.

शकील : हां, आता बरं वाटलं. गार पाणी. लिहा, कुठं व्हतो आपण?

निता : तुमच्या कमरेपाशी. मास्टर, तुमची कंबर किती?

शकील : छत्तीस. वीस साल झाले, छत्तीस. दोरा इकडचा तिकडं न्हाई.

निता : टेप द्या जरा.

शकील : काहून?

निता : ट्रायल आहे ना? द्या. उभे राहा. पोट फुगवू नका, नेहमीसारखे राहा. वाचा, किती आलं?

शकील : तुमी ढिला धरला.

निता : मग तुम्हीच धरा. तुमचाच टेप, तुमचाच हात.

हाजराबी : वाचा ना. मोठ्यानं.

शकील : तेहतीस.

निता : बसा. बसा मास्टर. मी कागदासाठी नाही विचारत आता. कुठं आवळतं?

शकील : आवळत न्हाई, ताई. ढिलं होऊन राहिलं.

हाजराबी : बोला. बोलून टाका एकदा.

शकील : संध्याकाळची कणकण असते. खोकला हाय. पहिलं वाटलं, कापडाची धूळ. मंग जेष्ठमध खाल्लं, बाटली आणली. जाते अन् येते. हिनं सांगितलं ना तुमाला?

निता : चाचींनी पँटीचं सांगितलं. बाकीचं टेपनं.

शकील : टेपापुढं शिंप्याला तोंड न्हाई.

निता : हा मास्क लावा. ती खिडकी मी उघडते.

शकील : झालं. पुन्हा लोकं लांब सरकणार.

निता : मी सरकले? इथंच बसलेय. हात द्या इकडं. ऐका नीट. हे इंजेक्शन अंगातली गरमी थंड करतं, म्हणून चट्टे जातात. पण त्यानं रोगाला अडवणारा अंगातला पहारेकरीही थोडा पेंगतो. अंगात कुठं जुना टीबी झोपलेला असला तर तो कधी कधी जागा होतो. सुरू करायच्या आधी तुमचा एक्स-रे काढला होता, आठवतं? तो त्यासाठीच. तेव्हा साफ होता. आता पुन्हा काढायचा, थुंकी तपासायची. मी मॅडमना आत्ताच सांगणार आहे, ते मला दडवता येणार नाही आणि मी दडवणारही नाही.

शकील : अन् आजचं इंजेक्शन?

निता : आज नाही देणार मॅडम.

शकील : माहीत व्हतं मला. म्हणूनच बोललो न्हाई.

हाजराबी : माहीत व्हतं अन् तरी? मी इथं बसून दुवा मागते या माणसासाठी, अन् हे...

शकील : रडू नको. अगं, रडू नको ना. ताई, दुकानात टेबलावर काळं कापड पडलं हाय. रतनसिंग नाईकाच्या पोराचा कोट, रणजीतचा. महिन्याभरात लगीन हाय त्याचं. तांड्यावरून सोता आले दोघं बापलेक, म्हणले, मास्टर, काळाच पाहिजे, अन् तुमच्याच हातचा. सहा सालानंतर पहिलं काळं कापड. कापून ठेवलं हाय मी. रोज संध्याकाळी त्याच्यावर हात फिरवतो अन् पाहतो. एक कण पडत न्हाई. एक कण! अन् इंजेक्शन बंद झालं तर?

निता : खोटं नाही सांगत, मधल्या काळात चट्टे थोडे परत येऊ शकतात. टीबी निघाला तर आधी त्याच्या गोळ्या, न चुकता, पूर्ण. तो बरा होतो. पुढं हेच इंजेक्शन की दुसरं, ते मॅडम ठरवतील. आणि नसेलच टीबी, साधंच काही निघालं, तर प्रश्नच मिटला. पण लपवून घेत राहिलात, तर कोटही जाईल आणि मास्टरही.

हाजराबी : कोट मी शिवते. तीस साल काज-बटन, अस्तर, तुरपाई कुणाच्या हातची हाय? नाव तुमचं, सुई माझी. तुमी खुर्चीत बसा, मास्क लावा अन् मला शिकवा, जशी काय मी नवी आले.

शकील : मला शिवायचा व्हता तो. माझ्या हातानं.

हाजराबी : शिवाल. काळं कापड का सरून चाललं दुनियेतून? आधी छत्तीस व्हा.

शकील : ताई, मंग मी आता या ट्रायलमधून बाद?

निता : बाद? उलट आत्ता कुठं आलात. मघापर्यंत माझ्यासमोर कुलदीप बसला होता.

शकील : अरे!

निता : सगळ्यांनी तुमच्यासारखं न्हाई न्हाई लिहिलं, तर कागदावर औषध एकदम झकास. उद्या सेनगावकडचा कुणी असेच फाटलेले हात घेऊन येईल. त्यालाही इंजेक्शन लागू पडेल, त्यालाही तुमच्यासारखा आनंद होईल. आणि तो खोकायला लागला, तर त्याला विचारायचं कुणाला सुचणार नाही. कारण आधीच्या कुणी सांगितलंच नव्हतं.

शकील : त्याची शिलाई माझ्यामुळं फाटंल.

निता : हो.

शकील : अन् मी इथं मॅडमची इज्जत राखत बसलो.

हाजराबी : मूठभर मीठ खाऊन.

शकील : व्हय बाई, व्हय. आज घरी गेल्यावर पहिल्या घासाला सांगतो, मीठ कमी हाय का जास्त.

हाजराबी : सांगा. मंग जेवायला कुठं जाता ते बी सांगा.

निता : कागद पहिल्यापासून घेऊ या का? मागचे सहा प्रश्नही तुम्ही ऐकायच्या आधीच संपवलेत.

शकील : घ्या. कच्चीच शिलाई हाय अजून, उसवा. अन् ते सहीचं पान बी द्या इकडं. आता समजून करतो. ताई, मॅडमला वाईट वाटंल?

निता : लपवलंत याचं वाटेल. सांगितलंत याचं नाही.

शकील : मंग त्यायला हे बी सांगा, पांढरा कोट खांद्यात पडते. दोन्ही बाजूनं अर्धा अर्धा इंच. मी येतो पुढच्या बारीला, नीट करून देतो. मास्क लावून.

निता : सांगते. करा सही.

शकील : एक इचारू? या कागदात शुक्रिया लिहायला खाना हाय का?

निता : नाही हो. बावीस प्रश्न आहेत, पण तसा रकाना कुणी ठेवला नाही.

शकील : मंग खोकल्याच्या खान्यात व्हय लिहा. मॅडमला समजंल.